लाकडी फ्लोअरिंग: घासून घ्यावं की उखडावं?

मंडळी, मदत हवी आहे. घरातलं लाकडी फ्लोअरिंग (अस्सल लाकूड, लॅमिनेट नव्हे) बरंच जुनं आहे. चालताना करकरतं, त्याची सवय झालीये. पण खिडकीखालच्या चार-पाच फळ्या पाण्याने काळ्या पडल्यात, कडा उचलल्यात. एक तर नखाने दाबली तरी भुसभुशीत लागते.

सुतार म्हणतो, सगळं उखडा. मला पटत नाही. मूळ जाडी १९ मिलिमीटर, पण आजवर किती वेळा घासलंय देव जाणे. खिळ्यांची डोकी कुठे दिसत नाहीत, म्हणजे फळ्या एकमेकींत अडकवायच्या खाचेच्या वर घासण्यापुरतं लाकूड शिल्लक असावं ना? कुजलेल्या तेवढ्याच फळ्या बदलून सगळीकडे सँडिंग-पॉलिश केलं तर नव्या-जुन्याचा रंग जुळतो का? आणि खालची ओल गेली हे ओळखायचं कसं?