मदत हवी आहे: उतारावरच्या पार्किंगमधून गाडी रिव्हर्सने वर कशी काढावी? (मॅन्युअल गिअर)

नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. सोसायटीचं पार्किंग रस्त्याच्या पातळीखाली आहे. गाडी तोंडाने आत जाते आणि निघताना रिव्हर्समध्ये चढ चढून गल्लीत यावं लागतं. आत वळवायला जागा नाही आणि गल्ली अरुंद असल्याने उलटी आत घालणंही जमत नाही.

कर्वे रस्त्याच्या गर्दीत मी रोज गाडी चालवते, चढावर पुढे जाताना काही अडचण येत नाही. इथे मात्र ब्रेकवरचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी पुढे भिंतीकडे घरंगळते. भिंत बंपरपासून जेमतेम हातभर. म्हणून हाफ क्लचवर रेस देत राहते, तर क्लच जळल्याचा वास येतो. गिअर टाकताना कधी कधी कर्रर्र आवाजही होतो. मागच्या काचेत निम्मा चढ होईपर्यंत नुसतं आभाळ दिसतं आणि सेन्सर चढालाच अडथळा समजून वाजत राहतो. आईला डायलिसिसला न्यायचं असतं, तिला धक्के बसू नयेत एवढीच धडपड. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
ताई, हँडब्रेक वापरा. तो मागच्या चाकांना लागतो आणि तुमच्या उतारावर वजन पुढे येतं, म्हणून चांगला घट्ट ओढा. रिव्हर्स टाका, थोडी रेस द्या, क्लच सावकाश सोडा. गाडीचं बूड किंचित उचललं गेलं, इंजिनाचा आवाज जड झाला की हँडब्रेक खाली. मग मध्ये न थांबता एका दमात वर. थांबावं लागलंच तर पुन्हा हँडब्रेक. गाडी क्लचवर तोलून धरू नका, वास त्याचाच येतो. चाकं फिरतील ही भीती नको. ओढणारी चाकं पुढची असतील तर वजन त्यांच्यावरच असतं.

कर्रर्रचं कारण म्हणजे बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश (गिअर अडकण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवून देणारी यंत्रणा) नसतो. गाडी पूर्ण थांबवा, क्लच तळापर्यंत दाबून ठेवा, आधी पहिला गिअर टाका आणि मग रिव्हर्स. एवढं करूनही आवाज आला तर मेकॅनिकला क्लच दाखवून घ्या.

प्रतिसाद २
वरच्या टोकाला फक्त सेन्सरवर विसंबू नका. डावा आरसा खाली वळवून मागचं चाक आणि कठडा दिसेल असा लावा. स्टेअरिंग वर सपाटीला आल्यावरच फिरवा. आधी फिरवलं तर गाडीचं तोंड बाहेर फेकलं जाऊन शेजारच्या स्कूटरला लागतं. वॉचमनदादांना गल्लीच्या तोंडाशी उभं करा, पुण्यात दुचाकी कुठूनही येते.