मदत हवी आहे: वणव्यावर हेलिकॉप्टर पाणी टाकत असेल तर डोंगराच्या सोंडेवरच्या माणसांनी सरकायचं कुठे?

नमस्कार मंडळी. जावळी-पाटण भागातल्या वणवा विझवणाऱ्या स्वयंसेवकांसाठी सूचना लिहितोय. एप्रिल २०२४ मध्ये नैनितालला हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरने भीमताल तलावाचं पाणी खाली टांगलेल्या बादलीतून आगीवर टाकलं. आपल्याकडे तशी वेळ आली तर खालच्या माणसांची तयारी हवी.

एवढं लिहून झालंय. पाणी पडण्याआधी हेलिकॉप्टरच्या मार्गातून आडवं बाहेर पडायचं. हजार लिटर म्हणजे एक टन वजन, शिवाय त्या माऱ्याने दगड आणि वाळक्या फांद्या सुटतात. निघता आलंच नाही तर हेलिकॉप्टर येतंय त्या दिशेला डोकं करून पालथं पडायचं, हेल्मेट घट्ट धरायचं, कोयता अंगापासून लांब बाजूला ठेवायचा. पंख्याच्या वाऱ्याने विझत आलेली धग पुन्हा पेटते, म्हणून पाणी पडलं की लगेच पुढे धावायचं नाही. उतरलेल्या हेलिकॉप्टरकडे पायलटने खूण केल्यावरच, समोरून, वाकून जायचं. चढाच्या बाजूने कधीच नाही, तिकडे पातं जमिनीच्या जवळ येतं. शेपटीकडे तर फिरकायचंही नाही. टोपी, गमछा काढून ठेवायचा, अवजारं कमरेखाली आडवी धरायची.

अडलंय ते इथे: कड्याखालच्या अरुंद सोंडेवर आडवं सरकायला जागाच नसते. तिथे जळून थंड झालेल्या पट्ट्यात थांबणं पुरेसं आहे, की माणसं आधीच खाली उतरवावीत? आणि दरीत वॉकीटॉकी लागत नाही, तेव्हा ‘माणसं बाहेर पडली’ हे वर कळवायची खात्रीची पद्धत कोणती? अग्निशमन किंवा हवाई दलात काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.