अ‍ॅम्पचा दिवा लागतो, पण आवाज वाढवला की बेस गायब. काय तपासू?

सफरछंदी:
मंडळी जरा मदत करा. गाडीत चार चॅनलचा अ‍ॅम्प आहे, पुढच्या दोन चॅनलवर दारातले स्पीकर आणि मागचे दोन ब्रिज करून (म्हणजे एकत्र जोडून एक करून) १२ इंची सबवूफर, चार ओहमचा. दोन वर्षं मस्त वाजत होता पण गेल्या महिन्यापासून आवाज बसत गेला, आता हळू लावला तर ठीक वाजतो आणि जरा वाढवला की बेस येतच नाही, नुसतं फटफट होतं आणि मधेच अ‍ॅम्प दोन सेकंद बंद पडून परत चालू होतो. दिवा हिरवा आहे, फ्यूज शाबूत, बॅटरी नवीन. गाडी बंद असताना मीटर लावला तर अ‍ॅम्पवर १२.५ व्होल्ट येतात, म्हणजे सप्लाय बरोबर आहे ना? गेन पूर्ण फिरवला तरी फरक नाही. ज्याला दाखवला तो म्हणतो अ‍ॅम्प गेला, नवीन घ्या. पण गेलेला अ‍ॅम्प हळू आवाजात इतका स्वच्छ कसा वाजेल?

बेसवेडा:
आधी तो गेन खाली आणा. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे हो, स्टिरिओकडून जेवढा सिग्नल येतो त्याच्याशी अ‍ॅम्पचा मेळ घालायचं बटण आहे ते. पूर्ण फिरवलात तर सिग्नल कापला जातो आणि सबची कॉइल जळते. आणि फिल्टरचं बटण बघा, साफसफाई करताना हात लागून सबच्या चॅनलवर एचपीएफ (खालचे सूर अडवणारा हाय पास फिल्टर) झालं असेल तर बेस येणारच नाही.

मीटरवाला:
फिल्टर हललं असतं तर हळू आवाजातही बेस गेला असता, इथे वाढवल्यावरच जातोय आणि अ‍ॅम्प बंदही पडतोय, त्यामुळे मला सप्लायचाच संशय आहे. १२.५ आले म्हणून सप्लाय चांगला असं समजू नका, अ‍ॅम्प काही ओढतच नव्हता तेव्हा. पाइपात बोळा अडकला असला तरी नळ बंद असेपर्यंत दाब पूर्णच दिसतो, नळ उघडल्यावर धार बारीक होते तसं आहे हे. वाजत असताना मोजा. इंजिन चालू ठेवा, गाणं नको कारण ठोका पडून जातो आणि मीटरला पकडता येत नाही, ५० हर्ट्झचा सलग टोन लावा पण एका वेळी चार-पाच सेकंदच, नाहीतर कॉइल तापेल. टोन चालू असताना आधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा, मग अ‍ॅम्पच्या पॉवर आणि ग्राउंडच्या (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या मायनसच्या) स्क्रूवर. मग मीटरची एक पिन अ‍ॅम्पच्या ग्राउंड स्क्रूवर आणि दुसरी थेट बॅटरीच्या मायनसवर. हे शेवटचं फार कमी लोक करतात आणि बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. अर्धा व्होल्ट जरी आला तरी ग्राउंडमधे गडबड आहे.

तारजोड:
सबही तपासून घ्या म्हणजे शंका राहणार नाही. वायरी अ‍ॅम्पपासून सोडवून सबचे ओहम मोजा, चार ओहमचा सब मीटरवर साधारण साडेतीनच्या आसपास दाखवतो. एकच आला तर कॉइल शॉर्ट होतेय, काहीच नाही आला तर तुटलीय. स्पीकरची वायर कुठे सोलवटून बॉडीला टेकली असेल तरी अ‍ॅम्प असाच बंद पडतो.

सफरछंदी:
मोजलं सगळं. सब ३.६ ओहम, वायर कुठे टेकलेली नाही. टोन लावल्यावर बॅटरीवर १३.६, आणि अ‍ॅम्पवर ९.८!! अ‍ॅम्पच्या ग्राउंडपासून बॅटरी मायनसपर्यंत ३.२ व्होल्ट. हे फार आहे ना?

मीटरवाला:
फारच. म्हणजे जे ३.८ व्होल्ट गायब आहेत त्यातले ३.२ ग्राउंडमधेच जातायत, पॉवरच्या वायरीत जेमतेम ०.६. एवढं कमी व्होल्टेज झालं की अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला बंद होतो, तुमचा अ‍ॅम्प जिवंत आहे. ग्राउंडचा बोल्ट सोडवा, खाली रंग असेल तर चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. वायर पॉवरच्या वायरीइतकीच जाड आणि जमेल तितकी छोटी ठेवा. सीटबेल्टचा बोल्ट मात्र ग्राउंडला वापरू नका, तो जीव वाचवायचा बोल्ट आहे. काम करायच्या आधी बॅटरीचा मायनस काढा.

सफरछंदी:
झालं!! बोल्टखाली रंग तसाच होता, वर गंज चढलेला आणि वायरीचं टोक काळं पडलेलं. नवीन टोक दाबून बसवलं, पत्रा घासून बोल्ट आवळला, वरून गंज धरू नये म्हणून ग्रीस लावलं. आता टोनवर अ‍ॅम्पला १२.८ आणि ग्राउंडमधे फक्त ०.२. बेस परत आला आणि एकदाही बंद पडला नाही. गेन शून्यावर आणलाय, आता किती ठेवू? ब्रिज केल्यावर ३०० वॅट लिहिलंय.

बेसवेडा:
माझा फिल्टरचा अंदाज चुकला, पण छान झालं. सबच्या वायरी काढा, बेस बूस्ट शून्य, स्टिरिओचा आवाज पाऊण भाग, तोच ५० हर्ट्झचा टोन, मीटर एसी व्होल्टवर करून सबच्या वायरी होत्या त्या स्क्रूंवर. ३०० वॅट गुणिले ४ ओहम म्हणजे १२००, त्याचं वर्गमूळ साधारण ३४.६. गेन हळूहळू वाढवा, मीटर ३४ च्या जवळ आला की थांबा. सब ३०० वॅटपेक्षा कमीचा असेल तर सबचा आकडा धरून हिशोब करा.