काउंटीकडून डीड परत आलं, नोटरीचा शिक्का पुसट म्हणून. सल्ला हवा (कॅलिफोर्निया)

पैलतीर: नमस्कार. आम्ही बे एरियात राहतो. लिव्हिंग ट्रस्ट (हयातीतच मालमत्ता ठेवायचा ट्रस्ट) केला आणि घर ट्रस्टच्या नावावर करायला ग्रँट डीड, म्हणजे मालकी हस्तांतराचा दस्त, पोस्टाने काउंटी रेकॉर्डरकडे (दस्त नोंदवणाऱ्या कार्यालयाकडे) पाठवलं. काल पाकीट परत आलं. सोबत चिठ्ठी, नोटरीचा शिक्का वाचता येत नाही. बघितलं तर खरंच, शिक्का सहीच्या शाईवर उमटलाय आणि कमिशन नंबरचे (नोटरीच्या नेमणुकीच्या क्रमांकाचे) शेवटचे आकडे गेलेत.

अडचण अशी की सासूबाईंच्या आजारपणामुळे बायको साताऱ्याला आहे, दोन महिने तरी येणार नाही. दोघांच्या सह्या पुन्हा नोटरीसमोर कराव्या लागतील का? शिवाय घर घेतलं तेव्हाच्या डीडवर तिचं माहेरचं नाव आहे, ट्रस्टमध्ये सासरचं. त्यावर अजून कोणी बोट ठेवलेलं नाही, पण धास्ती वाटते. आजोबा गेल्यावर वारसनोंदीसाठी बाबांनी तलाठ्याकडे मारलेल्या खेपा मी पाहिल्यात. मुलांवर ती वेळ येऊ नये.

औदुंबर: शिक्क्यासाठी पुन्हा सह्या नकोत. गव्हर्न्मेंट कोडच्या कलम 27361.7 नुसार एक वेगळं पान जोडता येतं. त्यावर नोटरीचं नाव, कमिशन नंबर, कमिशनची मुदत कधी संपते आणि नोटरीचा बाँड (हमीपत्र) कुठल्या काउंटीत दाखल आहे हे स्वच्छ अक्षरात लिहायचं, खाली ठिकाण, तारीख आणि तुमची सही. बऱ्याच काउंट्यांच्या साइटवर छापील नमुना मिळतो. गेलेले आकडे नोटरीला फोन करून विचारा, अंदाजाने भरू नका, कारण हे शपथेवरचं निवेदन असतं. एक पान वाढलं की फीही वाढते, तेवढा चेक जास्तीचा लिहा.

नावाचं मात्र आजच बघा. आपल्याकडे दुय्यम निबंधकासमोर ओळख पटवून दस्त होतो, त्यामुळे कागद घेतला म्हणजे तो बरोबर, असं आपल्याला वाटतं. इथला रेकॉर्डर मालकी तपासत नाही. कागद नियमात बसला की नोंदवतो. चूक पुढे घर विकताना टायटल कंपनीला (मालकीची कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीला) सापडते. देणाऱ्याच्या ओळीत सासरच्या नावापुढे ‘हू अॅक्वायर्ड टायटल अॅज’ (जिने मालकी या नावाने मिळवली) आणि मग माहेरचं नाव, असं आहे का? नसेल तर नवं डीड करावं लागेल. त्यासाठी वहिनींना मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत नोटरीची अपॉइंटमेंट मिळू शकते, एका शिक्क्याचे 50 डॉलर.

रानजाई: मालमत्तेचं वर्णन जुन्या डीडवरून अक्षरन् अक्षर उतरलंय ना? नुसता पार्सल नंबर पुरत नाही. आणि पीसीओआर फॉर्म (मालकी बदलल्याची माहिती देणारा फॉर्म) जोडलाय का? नसेल तर 20 डॉलर जादा लागतात. त्यात रिव्होकेबल (केव्हाही रद्द करता येणाऱ्या) ट्रस्टचा चौकोन भरा, म्हणजे करासाठी घराचं पुनर्मूल्यांकन होत नाही आणि 1978 च्या प्रॉपोझिशन 13 चा (मालमत्ता कराची वाढ रोखणाऱ्या कायद्याचा) फायदा तसाच राहतो. ट्रान्स्फर टॅक्स शून्य, पण का शून्य ते डीडवर लिहावं लागतं. घरकुल निधीची 75 डॉलरची फीसुद्धा स्वतः राहत असलेल्या घराला सहसा माफ असते, पण तेही कारण कागदावर हवं. मागितल्याशिवाय कोणी सोडत नाही.

पैलतीर: खूप आभार दोघांचे. ‘हू अॅक्वायर्ड...’ ही ओळ आहे! वकीलबाईंनी घातली होती, मीच नीट वाचली नव्हती. बायकोला फोनवर वाचून दाखवली, तिचाही जीव भांड्यात पडला. पीसीओआरही जोडलेला आहे. नोटरीकडून आकडे मिळाले, पान आज भरतो. गृहकर्जाच्या बँकेची परवानगी लागते का?

औदुंबर: स्वतः राहत असलेलं घर स्वतःच्याच रिव्होकेबल ट्रस्टमध्ये टाकलं म्हणून बँक कर्ज एकदम मागू शकत नाही. 1982 चा गार्न-सेंट जर्मेन कायदा आहे त्यासाठी. विमा कंपनीला मात्र कळवा, पॉलिसीवर ट्रस्टचं नाव चढलं पाहिजे.

रानजाई: नोंद झाली की काही आठवड्यांत सरकारी दिसणारं पत्र येईल, ‘तुमच्या डीडची प्रत हवी असल्यास शंभरेक डॉलर भरा’. भरू नका. मूळ डीड काउंटी तुम्हाला पोस्टाने परत पाठवतेच. पहिल्या पानावर वर डावीकडे परतीचा पत्ता असतो, तो बरोबर आहे ना तेवढं पाकीट बंद करण्याआधी बघून घ्या.