मदत हवी आहे: खारट पाणी, नायट्राइट आणि कार्बन स्टीलवरचे खड्डे

दर्यापूर तालुक्यातील आमच्या सरकीच्या तेलगिरणीत यंत्रे थंड ठेवणाऱ्या बंद पाणीचक्राचे सर्व पाइप कार्बन स्टीलचे आहेत. भरणा बोअरच्या पाण्याचा असून, खारपाणपट्ट्यामुळे (भूजल खारट असलेल्या भागामुळे) त्यात क्लोराइड लिटरला सुमारे ९०० मिलिग्रॅम आहे. गंजरोधक म्हणून सोडियम नायट्राइट ७०० पीपीएमच्या आसपास आणि सामू ९ च्या जवळ राखल्यापासून सर्वसाधारण गंज कमी झाला. गंज तपासण्यासाठी पाण्यात टांगलेली स्टीलची नमुना-पट्टी काळसर, गुळगुळीत राहिली, मात्र जिथे ती बोल्टने कसली होती तिथे वॉशरखाली ज्वारीच्या दाण्याएवढे खड्डे पडले. नायट्राइट अ‍ॅनोडिक अवरोधक (धातू जिथे विरघळतो त्या जागांवर संरक्षक थर धरून गंज रोखणारे रसायन) असल्यामुळे मात्रा अपुरी पडल्यास उघड्या राहिलेल्या जागीच गंज एकवटतो, हे ठाऊक आहे. परंतु विक्रेत्याकडून ‘डोस वाढवा’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

गळती नाही आणि नायट्राइटची पातळीही घसरत नाही, त्यामुळे नायट्राइट संपवणाऱ्या जिवाणूंची शंका तूर्त बाजूला ठेवली आहे. चक्रात पितळी नळ्यांचा एक उष्णता-विनिमयकही आहे. रिकामे केलेले पाणी गुरे पितात त्या नाल्याकडे वाहते, म्हणून क्रोमेट हे विषारी गंजरोधक नको. आरओचे पाणी टँकरने एकदा भरता येईल, नेहमी परवडणार नाही.

अशा स्थितीत आरओच्या पाण्यावर नायट्राइटच चालू ठेवावे, की बोअरच्या पाण्यात मॉलिब्डेट या दुसऱ्या गंजरोधकाची जोड द्यावी, आणि जोड दिल्यास क्लोराइडच्या या पातळीला दोन्हींची किमान मात्रा किती ठेवावी?