घागर मोर्चाला झुंडशाही म्हणणं मला पटत नाही

सोरेगावकर :
पाण्यासाठी आपल्या सोलापूर महापालिकेवर घागरी घेऊन गेलेल्या बायकांना परवा कुणीतरी 'झुंडशाही' म्हणालं. साफ चूक. १ जुलै २०१८ आठवा. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याच्या बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना पोरं पळवणारी टोळी समजून धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारलं. त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. पुरावा काय, तर व्हॉट्सअॅपवरची अफवा. आरोप जमावाचा, निकाल जमावाचा, शिक्षाही जमावाची. झुंडशाही ती! बायका तर अधिकाऱ्याकडे पाणी मागत होत्या.

नवी पेठ :
असहमत. बंदच्या दिवशी आमच्या दुकानाचं शटर अर्धं उघडं दिसलं की पंधरा-वीस पोरं आत येतात, काउंटरवर काठी आपटतात, 'बंद कर, नायतर फोडतो'. गल्ल्यावर म्हातारे वडील बसलेले असतात. कुणी मेलं नाही म्हणून हे सौम्य ठरतं का?

चार पुतळे :
हा शब्द सत्तेच्या हातात गेला की काय होतं, ते सोलापूरला कुणी शिकवायला नको. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहर पेटलं. इंग्रजांनी अख्ख्या गावालाच दंगेखोर ठरवून मार्शल लॉ लावला. गांधी टोपी घातली तरी गुन्हा! १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. नकोशा गर्दीला झुंड म्हणायची सवय तेव्हापासूनची आहे.

साखर पेठ :
हुतात्म्यांपुढे मी रोज हात जोडतो. पण त्या दंगलीत जमावाने पोलीसही मारले, आणि ते आपलेच हिंदुस्थानी शिपाई होते. कारण चांगलं म्हणून जमावाला सगळं माफ, हे मी मानणार नाही. राईनपाड्यातल्या लोकांनाही आपण पोरांना वाचवतोय असंच वाटत होतं.

सोरेगावकर :
@साखर पेठ, शिपायांबद्दल तुमचं बरोबर, ते मरण कुणीच झाकू नये. @नवी पेठ, काठी आपटणाऱ्यांवर खंडणी, धमकी, जे बसेल ते कलम लावा, मी तुमच्या बाजूने साक्षीला येतो. पण १७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितलं, ते माणसं ठेचून मारणाऱ्या जमावांना रोखण्यासाठी. घागरवाल्या बायकांना त्याच रांगेत बसवलंत, तर उद्या निवेदन द्यायलाही कुणी घराबाहेर पडणार नाही.

नवी पेठ :
बायकांबद्दल मी बोललोच नव्हतो. माझा प्रश्न शटरचा आहे, आणि साक्षीला याल तेव्हा वडिलांशी आधी बोला. ते तक्रार द्यायलाच घाबरतात.