साक्षीदाराला शपथ 'देतात' की 'घालतात'? आणि अवमान नक्की कोणाचा?

करवंद
एका दिवाळी अंकासाठी अनुवाद करतेय. विषय आहे अ‍ॅरन बर याच्यावरचा राजद्रोहाचा खटला, रिचमंड, व्हर्जिनिया, १८०७. आरोपी अमेरिकेचा माजी उपाध्यक्ष, समोर सरन्यायाधीश जॉन मार्शल. एका वाक्यापाशी गाडी अडलीय. तिथे साक्षीदारांना आधी भर कोर्टात शपथ, मग ग्रँड ज्यूरीच्या, म्हणजे खटला चालवावा की नाही हे ठरवणाऱ्या मंडळाच्या, बंद दाराआड रवानगी. मी लिहिलं, 'साक्षीदारांना शपथ घालून ज्यूरीकडे पाठवलं.' संपादकबाई म्हणाल्या, "शपथ घालतात ती नवऱ्याला, सिगरेट सोडायला. साक्षीदाराला देतात." आमच्या साताऱ्याकडे कोर्टातही घालतातच. बरोबर कोण? त्याच वाक्याच्या शेपटीला, उत्तर नाकारणाऱ्यावर 'ग्रँड ज्यूरीच्या अवमाना'चा ठपका, असं मीच लिहिलंय. तेही आता खटकतंय.

फुरसत
संपादकबाई अर्ध्याच बरोबर. 'तुला माझ्या गळ्याची शपथ' यात बोलणारा एक, बांधला जाणारा दुसरा, म्हणून ती घातलेली. कोर्टातही तेच नाही का? समन्स धाडून आणलेला माणूस हौसेनं थोडाच शपथ घेतो? घालणेच योग्य. 'देणे' म्हणजे प्रसाद दिल्यासारखं वाटतं.

तिरफळ
मूळ मुद्दा बाजूला ठेवून विचारते. राजाला हाकलून तीस वर्षं झालेल्या देशात राज-द्रोह कसला? देशद्रोह म्हणा की.

मोडीवाचक
तिरफळताई, 'राज' म्हणजे राज्य, राजा नव्हे.

तिरफळ
हो, पण मराठी वाचकाला राजद्रोह म्हटलं की टिळक आणि जुन्या दंडसंहितेचं कलम १२४अ आठवतं. ते लेखणीचं प्रकरण. अमेरिकेच्या घटनेत या गुन्ह्याची व्याख्याच आखडती आहे. देशाविरुद्ध युद्ध पुकारणं किंवा शत्रूला साथ देणं, तेही एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार हवेत, नाहीतर आरोपीनं भर कोर्टात कबुली द्यायला हवी. बर त्यातूनच सुटला. नुसतं वाईट लिहिल्याबोलल्यानं तिथे भागत नाही.

बेंचक्लार्क_निवृत्त
३१ वर्षं तालुका आणि जिल्हा कोर्टात काढली, म्हणून दोन शब्द. रोजनाम्यात आम्ही 'साक्षीदारास शपथ दिली' असंच लिहीत आलो. बोलताना मात्र 'शपथ घाल रे त्याला' असंही कानावर यायचं. एक आजोबा आठवतात. पिंजऱ्यात चढायच्या आधी त्यांनी चपला खाली काढल्या, धोतर सावरलं आणि उजवा हात पुढे धरून उभे राहिले. कुठे ठेवायचा ते कळेना. "पुस्तक कुठाय?" म्हणाले. सिनेमात गीता पाहिलेली. म्हटलं, "पुस्तक नसतं बाबा, मी म्हणतो तसं म्हणा." ईश्वरसाक्ष खरं सांगेन म्हणाले खरे, पण हात शेवटपर्यंत तसाच हवेत.

मोडीवाचक
पुस्तक नसण्यालाही इतिहास आहे. कंपनीच्या कोर्टांत हिंदूंच्या हाती गंगाजळ आणि मुसलमानांच्या हाती कुराण द्यायची चाल होती. १८४० च्या पाचव्या कायद्यानं ती मोडली आणि त्याऐवजी देवासमक्ष गांभीर्यानं केलेलं कथन आणलं. माझा अंदाज, आपल्या अफिडेव्हिटांतलं 'सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' तिथून रुजलं असावं. म्हणून कोर्टाच्या मराठीत 'शपथ' पाहुणी आणि 'प्रतिज्ञा' घरची. त्याआधी आपल्याकडे बेलभंडार उचलत, नाहीतर दिव्य करत, उकळत्या तेलातून धातूचा रवा काढत. करवंद, ग्रँड ज्यूरीला सरळ 'गोतसभा' का म्हणत नाही? अस्सल शब्द आहे.

सनदी
अस्सल आहे आणि चुकीचाही. गोतसभा वाद ऐकून निवाडा करायची. ग्रँड ज्यूरी निवाडा करतच नाही. सरकारपक्षानं मांडलेल्या आरोपात खटला चालवण्याइतका दम आहे का, एवढंच ठरवते. रिचमंडला सोळा जण होते, म्होरक्या जॉन रँडॉल्फ. २४ जूनला त्यांनी आरोप मंजूर केला, आणि खरा खटला चालला तो पुढे, वेगळ्या ज्यूरीसमोर. 'पंच' तर मुळीच नको. पंचनाम्यामुळे आपल्याकडे पंच हेच साक्षीदार होऊन बसलेत. ग्रँड ज्यूरी हाच शब्द ठेवा. १८३२ च्या कायद्यानं मुंबईत हिंदी माणसांना तिच्यात बसायची वाट मोकळी झाली होती, म्हणजे शब्द काही परका नाही.

आता अवमान. ग्रँड ज्यूरीला कोणाला तुरुंगात धाडायचा अधिकारच नाही. साक्षीदार अडला की त्याला न्यायाधीशापुढे उभं करायचं. न्यायाधीश सांगतो, उत्तर दे. तरीही नाही म्हणाला तर भंगला तो कोर्टाचा हुकूम, म्हणून अवमान कोर्टाचा. गंमत म्हणजे १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याच्या सतराव्या कलमात शपथ देण्याचा आणि अवमानाबद्दल दंड किंवा कैद करण्याचा, असे दोन्ही अधिकार एकाच दमात दिलेत. तुमच्या वाक्यातही ते शेजारीशेजारी आलेत ते उगाच नाही.

फुरसत
पण मग 'अवमान' तरी कशाला? हात जोडून, नम्रपणे 'नाही सांगणार' म्हणणाऱ्यानं मान कुठे घालवला? ही तर अवज्ञा.

बेंचक्लार्क_निवृत्त
आमचे जुने शिरस्तेदार 'कोर्टाची बेअदबी' म्हणायचे. त्यात जरब होती. अवमान म्हणजे लग्नात मानपान न मिळाल्यासारखं.

मोडीवाचक
बेअदबी फारसी. मराठीत प्रतिशब्द असताना कशाला?

तिरफळ
मोडीवाचककाका, 'कोर्टा'बद्दल तक्रार नाही वाटतं? आणि तुमच्या मोडी कागदांतून फारसी काढली तर शिल्लक काय राहील? तारीख आणि श्री.

सनदी
बेअदबीला माझी हरकत वेगळी. तिच्यात न्यायाधीशाचा अहंकार दुखावल्याचा वास येतो, आणि अमेरिकेत झगडा नेमका त्यावरूनच झाला. जेम्स पेक नावाच्या न्यायाधीशानं आपल्या निकालावर वर्तमानपत्रात टीका केली म्हणून एका वकिलाला २४ तास कोठडीत टाकलं आणि १८ महिने वकिली बंद केली. त्यासाठी पेकवर महाभियोग चालला. १८३१ मध्ये तो २२ विरुद्ध २१ मतांनी वाचला, पण लगेच कायदा आला की अवमानाची शिक्षा कोर्टात किंवा कोर्टाच्या अगदी लगत केलेल्या अडथळ्याला, कोर्टाच्या अधिकाऱ्यांच्या गैरवर्तनाला आणि हुकूम मोडण्याला. बाहेर कोण काय छापतं त्याला नाही. आपल्याकडे १९२० मध्ये मुंबई हायकोर्टानं गांधीजींना एका न्यायाधीशाचं पत्र छापल्याबद्दल कडक समज दिली, हे या पार्श्वभूमीवर वाचा.

करवंद
सगळ्यांचे आभार, पण माझ्या लेखात प्रत्यक्ष गप्प बसलेला माणूस आहे, त्याचं काय? बरचा चिटणीस विली. सांकेतिक लिपीतल्या पत्राबद्दल विचारलं तर म्हणतो, उत्तर दिलं तर मीच अडकेन. मार्शल म्हणाले, पुराव्याच्या साखळीतली एखादी आवश्यक कडी त्या उत्तरातून मिळणार असेल तर बोलायची सक्ती नाही. हा अवमान नाही, अवज्ञाही नाही. याला काय म्हणू?

फुरसत
मौन.

सनदी
हक्क.

परसदार_न्यूजर्सी
उशिरा आलो. मी इथे ग्रँड ज्यूरीवर बसलोय. आत काय झालं ते सांगणार नाही, गुप्ततेचीच शपथ असते. पण 'शपथ घेता की कथन करता' असा पर्याय आजही देतात. हे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचं देणं. बायबलात मनाई आहे म्हणून ते शपथच घेत नसत, त्यापायी तुरुंगातही जात. अमेरिकेच्या घटनेतही दोन्ही शब्द जोडीनं आहेत. अवांतर: मराठी बायबलात शपथ देतही नाहीत, घालतही नाहीत. वाहतात.

फुरसत
वाहतात! फुलासारखी! हा तर दोघींना हरवणारा तिसराच निघाला.

बेंचक्लार्क_निवृत्त
आणि लहानपणी शपथ सुटायचीही. 'सुटली म्हण' म्हटलं की समोरचा मोकळा. कोर्टात तेवढी सोय नव्हती.

तिरफळ
बरचा साथीदार डॉ. बोलमन, त्याला हवी होती ती सोय. अध्यक्ष जेफरसननी माफीनामा पाठवला, यानं भर कोर्टात नाकारला. का, तर माफी घेतली म्हणजे गुन्हा मानला. तरी शपथ देऊन ज्यूरीकडे धाडलाच. घालून. वाहून. काय ते.

करवंद
अंक छपाईला गेला. संपादकबाईंनी शेवटी 'साक्षीदारांचा शपथविधी पार पडला' केलंय.

बेंचक्लार्क_निवृत्त
खाती कोणाकोणाला मिळाली?

मोडीवाचक
गोतसभेबद्दल सनदींना सविस्तर उत्तर द्यायचं राहिलंय. रविवारी लिहितो.